तासभर भाषण करताना घसा कोरडा पडतो, पाणी कधी प्यावं?

तुम्ही विचारलंय की विसाव्या मिनिटालाच घसा सुकतो, आणि सगळ्यांसमोर पाणी प्यायलं तर लोकांना आपण घाबरलोय असं वाटेल का? प्या, बिनधास्त प्या. पण आवाज सांभाळतं ते हे पाणी नव्हे. ते सकाळपासून पोटात गेलेलं असावं लागतं.

मी साताऱ्याची, शाळेत शिकवते. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीला कुठे ना कुठे बोलायला जाते. त्यांचं नायगाव आमच्याच जिल्ह्यातलं. काही वर्षांपूर्वी माण तालुक्यातल्या एका गावात बोलावणं होतं. बसचा लांबचा प्रवास, वाटेत बरं स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नाही, म्हणून सकाळच्या चहानंतर पाण्याचा थेंब घेतला नाही. थंडीत तहानही जाणवत नाही. दुपारी उभी राहिले आणि अर्ध्या तासात आवाज फाटला. तांब्या रिकामा केला तरी सुधारेना. पुढचे दोन दिवस फळ्यावर लिहूनच शिकवलं.

याचं कारण असं, की गिळताना स्वरयंत्राचं तोंड झाकलं जातं आणि पाणी मागच्या अन्ननलिकेत उतरतं. स्वरतंतूंना ते लागतच नाही; चुकून लागलं तर ठसका लागतो. बोलताना हे तंतू सेकंदाला शंभराहून जास्त वेळा, बायकांचे तर साधारण दोनशे वेळा, एकमेकांना भिडतात. त्यांना लागणारा ओलावा शरीरातून येतो, आणि प्यायलेलं पाणी तिथवर पोचायला वेळ लागतो.

म्हणून पाचचं भाषण असेल तर मी सकाळपासून दर तासाला थोडं थोडं पिते. लघवी फिकट पिवळी असली की समजायचं, पुरेसं चाललंय. पाऊण तास आधी शेवटचा पेला, मग स्वच्छतागृह, मग व्यासपीठ. (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.)

व्यासपीठावरचा घोट तोंडासाठी असतो. भीतीनं लाळ कमी होते, घट्ट होते, जीभ टाळूला चिकटते. तेव्हा साधं, बर्फ नसलेलं पाणी एक घोटच घ्या, क्षणभर तोंडात धरा, मग गिळा. एक मुद्दा संपून दुसरा सुरू होताना घेतलात तर ऐकणाऱ्यांनाही उसंत मिळते. तुमची बोलायची वेळ येईपर्यंत नाकानं श्वास घ्या. तोंड उघडं ठेवलं की आणखी सुकतं. आणि खाकरू नका. त्यानं तंतू एकमेकांवर आपटतात, घसा अजून खवखवतो. चहा चालतो, मी घेतेच. आवाज बसला आणि तीन आठवड्यांत सुटला नाही, तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, घरगुती काढ्यांवर राहू नका.

बोलायला जाणाऱ्या बायांसाठी एक सांगायचंय, कारण आपल्यातल्या कितीतरी जणी माझ्यासारख्याच मुद्दाम तहानलेल्या राहतात. कार्यक्रमाची वेळ ठरली की मी आयोजकांना लगेच विचारते, बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे? नसेल तर जवळच्या एखाद्या घरी सांगून ठेवाल का? पहिल्यांदा विचारताना शब्द फुटत नव्हता. आजवर कुणीही नाही म्हटलेलं नाही. एका गावात तर ज्यांच्या घरी सोय केली होती त्या काकूच भाषणाला पहिल्या रांगेत येऊन बसल्या.