घरातला मेन स्विच कोणाकोणाला पाडता येतो?

(वीज कंपनीत चौतीस वर्षं खांबांवर चढउतार करून निवृत्त झालेले आमचे 'वायरमनकाका' या वेळी पावसाळ्याच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : आमचं घर जुन्या नाशकात, दहीपुलाच्या खालच्या अंगाला, तळमजल्यावर आहे. पूर आला तर हाताशी असावं म्हणून ह्यांना अडीच हजारांचं 'आपत्कालीन किट' मागवायचंय. सासूबाई म्हणतात, आम्ही ६९चा पूर पाहिलाय, कसलं किट नि काय. कोणाचं ऐकू?
– एक गृहिणी, जुने नाशिक

ताई, ऐका सासूबाईंचं, पण त्या म्हणतात म्हणून गप्प बसायचं असं नाही. त्यांना हाताला धरून दाराशी न्या आणि विचारा, ६९ला पाणी कुठवर होतं? २००८ला कुठवर? २०१६ला, २०१९ला? प्रत्येक खुणेवर भिंतीला पेन्सिलीची रेघ मारा. अडीच हजारांच्या किटमध्ये ही रेघ मिळत नाही. त्यात एक शिट्टी, एक टॉर्च आणि चांदीच्या रंगाचं एक कागदासारखं पांघरूण असतं. शिट्टी सोडली तर सगळं तुमच्या घरात आहे.

आता माझी फजिती सांगतो. १९ सप्टेंबर २००८. पंचवटीत आमचंही घर तळमजल्यावरच. मी ड्युटीवर, पाणी शिरेल तिथली लाईन बंद करत फिरतोय. घरी पाणी घोट्याला लागलं तेव्हा बायकोने फोन केला, मेन कुठे आहे? जिन्याखाली, हे तिला माहीत होतं. पण त्याच्यापुढे गव्हाची कोठी, तिच्यावर पत्र्याची पेटी, पेटीवर गाद्या. हात पोचेना. आयुष्यभर लोकांच्या घरात उजेड लावला आणि स्वतःच्या घरचा मेन गव्हामागे! तिने शहाणपणा केला. पोरांना उचललं आणि थेट वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेली. थोड्या वेळाने आम्ही डीपीवरून, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरून, त्या भागाची लाईट बंद केली. मी निर्धास्त झालो. पण घरातला इन्व्हर्टर चालूच! भारनियमनाचे दिवस, तेव्हा घरोघरी इन्व्हर्टर असायचा. बॅटरी जमिनीवर, आणि बाहेरची लाईट गेली की तो आपलं काम इमानदारीने करणारच, २३० व्होल्ट घरात सोडणारच. त्या पाण्यात कोणी पाय ठेवला असता तर काय झालं असतं, ते मी आजही मनात फार वेळ येऊ देत नाही.

म्हणून या रविवारी एवढं करा. मेनपुढचं सामान हलवा. घरातल्या प्रत्येकाने, दहा वर्षांच्या मुलीनेसुद्धा, एकदा मेन पाडून दाखवायचा. इन्व्हर्टरचं बटण वेगळं असतं, तेही बंद करून दाखवायचं. बॅटरी आणि इन्व्हर्टर पेन्सिलीच्या सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर, लोखंडी स्टँडवर. दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी पन्नास किलोच्या आसपास भरते, तेव्हा साधी फळी चालायची नाही. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की आपोआप पडणारा स्विच, नसेल तर किटच्या पैशांत तो बसवून घ्या. झटका जिवावर बेतायच्या आत तो लाईट तोडतो. आणि पाणी उंबऱ्याला लागायच्या आत, हात-पाय कोरडे असतानाच मेन पाडायचा. पाण्यात उभं राहून मेनला हात लावायचा नाही, मग टीव्ही जळो की फ्रीज.

आता हे 'आत' म्हणजे कधी? त्याला आपल्याकडे दुतोंड्या मारुती आहे, गोदापात्रातली ती उंच मूर्ती, नाशिककर पूर तिच्यावरच मोजतात. आमच्या घरचा हिशेब असा : मारुतीच्या गुडघ्याला पाणी, तर मोबाईल, टॉर्च चार्जिंगला. कमरेला, तर खालच्या कप्प्यातलं धान्य, कागदपत्रं, मिक्सर वर. छातीला पाणी लागतंय असं कळलं की मेन, इन्व्हर्टर, गॅस बंद आणि कुलूप. तुमचं घर वेगळं, तुमची मापं तुम्ही ठरवा. पण तुमच्याकडे एक गोम आहे. सगळे गंगापूर धरणाच्या विसर्गाकडे डोळे लावून बसतात आणि दहीपुलाला पाणी येतं सरस्वती नाल्यातून. शहरातच धो-धो पडला की गोदावरी पात्रात असतानाही तिथे गुडघाभर पाणी होतं. म्हणजे तुमच्यासाठी मारुतीआधी नाला. अंगणातली गटाराची जाळी उलटी बुडबुडायला लागली की समजा, वेळ झाली. संडास-मोरीच्या तोंडावर ठेवायला वाळू भरलेली दोन पोती आधीच शिवून ठेवा. घाण पाणी दारातून यायच्या आधी तिथून येतं.

गॅसचं बहुतेकांना पटत नाही : भरलेला सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतो. १४.२ किलो गॅस आणि टाकीचं लोखंड मिळून तीसेक किलो. पण टाकी पाणी बाजूला सारते पस्तीस लिटरच्या आसपास. तरंगत तो नळी ओढतो. म्हणून रेग्युलेटर काढून, टोपी लावून, सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधा.

प्यायला माणशी दिवसाला तीन लिटर पाणी धरा. पाच माणसं, तीन दिवस, पंचेचाळीस लिटर. वीस लिटरचे दोन जार आणि एक कळशी. लाईट नसली की आरओही चालत नाही, हे लोक विसरतात. औषधं, शिधापत्रिका, घराची कागदं घट्ट झाकणाच्या बरणीत. पाणी ओसरल्यावर चिखल काढायच्या आधी फोटो काढा, पंचनाम्याला आणि विम्याला तेच लागतात. आणि वायरमनने तपासल्याशिवाय मेन उचलू नका.

प्रश्न : इंदिरानगरला सातव्या मजल्यावर राहतो. पुराची भीती नाही, पण आईला घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं विजेवरचं मशीन) लागतो, मिनिटाला दोन लिटर. वादळात एकदा रात्रभर लाईट गेली होती. इन्व्हर्टर पुरेल का?
– एक वाचक

दादा, एकटा इन्व्हर्टर नाही पुरायचा. दीडशेची बॅटरी बारा व्होल्टची, गुणाकार केला की १८०० वॉट-तास. त्यातले हाताशी लागतात बाराशेच्या आसपास, तेही बॅटरी नवी असेल तर. मिनिटाला पाच लिटरपर्यंत देणारं नेहमीचं मशीन साडेतीनशे वॉट खातं. म्हणजे पंखा, टीव्ही सगळं बंद ठेवलं तरी जेमतेम साडेतीन तास. शिवाय इन्व्हर्टर 'प्युअर साईन वेव्ह'चाच हवा, स्वस्तातल्यावर अशी मशीनं चालवू नयेत.

म्हणून घरात एक भरलेला 'बी टाईप' सिलिंडर ठेवा. त्यात दीड घनमीटर, म्हणजे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. दोन लिटरने साडेबारा तास. नुसता सिलिंडर उपयोगाचा नाही. फ्लोमीटर, ह्युमिडिफायर, नळी जोडून दिवसाउजेडी एकदा सुरू करून पाहा, आणि ते आईच्या डॉक्टरांसमोर किंवा नर्सबाईंसमोर. चावी सिलिंडरलाच बांधा. देवघरातली समई, उदबत्ती त्या खोलीपासून लांब. आईला इन्सुलिन असेल तर लाईट गेल्यावर फ्रीज उघडू नका, बंद फ्रीज चारेक तास थंड राहतो. त्याहून वेळ गेला तर इन्सुलिनची कुपी कोरड्या डब्यात घालून डबा ओल्या फडक्यात.

तुमच्या सोसायटीत जनरेटर असेल तर एक विनंती, आणि ही माझी स्वतःची आहे. चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी लाईन किंवा जनरेटर एकच जोडणारा स्विच, आहे ना, ते बघा. काही महाभाग दोन्हीकडे पिना असलेली वायर करतात आणि जनरेटर सरळ भिंतीच्या प्लगमध्ये खुपसतात. घर उजळतं. पण तीच वीज उलटी लाईनवर जाते, डीपीत चढून अकरा हजार व्होल्ट होते आणि खांबावर माझ्यासारखा कोणी 'लाईन बंद आहे' म्हणून हात घालत असतो. आम्ही दोन्ही बाजूंनी अर्थिंग टाकूनच, म्हणजे तारा साखळीने जमिनीला जोडूनच, काम करतो, म्हणून आज हे लिहितोय. एका पावसाळ्यात अर्थिंगची साखळी टाकताच मोठी ठिणगी उडाली. शोधलं तर एका बंगल्यात लग्नाची मेहंदी चालू होती. मी काही बोललो नाही, पाणी मागितलं आणि प्यायलो. त्यांनी वर लाडूही दिला.

प्रश्न : चांदोरीला गोदाकाठी मळा आहे. पुरात मोटार बुडते. पाणी उतरल्यावर किती दिवसांनी चालू करावी?
– एक द्राक्ष बागायतदार

दिवस मोजू नका, मेगर लावा, म्हणजे वायंडिंगमधून वीज गळते का ते मोजणारं यंत्र. मोटार उघडून, गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून वायरमनने मेगरवर पाहायची. एक मेगोहमच्या खाली असेल तर पुन्हा वाळवा. स्टार्टरची पेटी वेगळी वाळवा, गाळ तिच्यातच बसतो. पुढच्या वेळेसाठी पेटी खांबावर उंच घ्या.

मळ्यात जाताना नजर वर आणि खाली दोन्हीकडे. तुटलेली तार चिखलात पडलेली असते. ती बंद आहे की चालू, हे बघून कळत नाही, मलाही कळत नाही. दहा मीटर लांब राहा, गुरं आवरा, १९१२ला फोन लावा. चुकून जवळ गेलातच आणि पायात मुंग्या आल्या, तर धावू नका. दोन्ही पाय जुळवून, न उचलता, घासत मागे या. बांधावर बसलेल्या पोरांना हे तोंडी सांगू नका, एकदा चालून दाखवा. हसतील, हसू द्या.