इंग्लंडमध्ये घर घेताना बँकेच्या पॅनेलवर नसलेला सॉलिसिटर नेमला तर चालतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: ओळखीच्या सॉलिसिटर (घरखरेदीचे कायदेशीर काम पाहणाऱ्या वकील) बाई तुमच्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे बँकेने मान्य केलेल्या वकिलांच्या यादीत, नाहीत तरी काम त्यांनाच द्यावे का, आणि त्यामुळे घर विकणाऱ्याचे काही बिघडते का. पहिल्या प्रश्नावर इथे बरेच जण लिहितील. दुसऱ्यावर मात्र मला बोललेच पाहिजे, कारण लंडनच्या हॅरो भागातला आमचा फ्लॅट विकताना खरेदीदाराच्या सॉलिसिटरचा पॅनेलशी मेळ बसला नाही आणि त्याची किंमत मुख्यतः आम्ही मोजली.

फ्लॅट लीजहोल्ड (जमीन दुसऱ्याची, फ्लॅट ठराविक वर्षांच्या लीजवर) होता, व्यवहार ३,८०,००० पौंडांना ठरला होता आणि घेणारे जोडपे पहिल्यांदाच घर घेत होते. २०२४ च्या शरदात ऑफर स्वीकारली, एजंटने दोन्ही बाजूंच्या सॉलिसिटरांची नावे असलेला मेमोरँडम ऑफ सेल पाठवला आणि काम सुरू झाले. खरेदीदारांचे सॉलिसिटर एकट्याने व्यवसाय करणारे गृहस्थ होते. त्यांनी लीज बारकाईने वाचली होती आणि त्यांचे प्रश्न इतके नेमके होते की आमच्या सॉलिसिटरनेही त्यांची तारीफ केली. पुढे बँकेच्या व्हॅल्युअरने फ्लॅटची किंमत कमी धरली, म्हणून त्यांना कर्ज मिळवून देणाऱ्या ब्रोकरने अर्ज तिथून काढून एका बिल्डिंग सोसायटीकडे (बँकेसारखीच गृहकर्ज देणारी संस्था) नेला. या सोसायटीला एकच मालक असलेली सॉलिसिटर फर्म तिच्या पॅनेलवर चालत नव्हती. हे कोणाच्या ध्यानात येईपर्यंत जानेवारी उजाडला होता. लेंडर, म्हणजे कर्ज देणारी संस्था, बदलल्याचे आम्हाला तोवर कोणी कळवलेही नव्हते, कारण तसे कळवण्याचे बंधन कोणावरच नाही.

अशा वेळी साधारणपणे दोन वाटा असतात. सोसायटी स्वतःसाठी वेगळा सॉलिसिटर नेमते, त्याची फी खरेदीदार भरतो, आणि तीच लीज दोन वकील वाचतात व तेच प्रश्न दोनदा विचारतात. नाही तर खरेदीदार स्वतःचा सॉलिसिटर बदलतो. आमच्या खरेदीदारांनी दुप्पट फी नको म्हणून दुसरी वाट धरली आणि ब्रोकरने सुचवलेल्या एका मोठ्या फर्मकडे फाईल गेली. तिथे ओळखपत्रांपासून डिपॉझिटच्या पैशाचा उगम सिद्ध करण्यापर्यंत सगळे नव्याने झाले, आणि आम्ही कधीच उत्तरे दिलेल्या एन्क्वायरीज नव्या क्रमांकांनी परत आल्या. आमची इमारत तीन मजली, अकरा मीटरपेक्षा कमी उंचीची. २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी अॅक्टमधली (इमारतीच्या सुरक्षेचा कायदा) लीजधारकांची प्रमाणपत्रे ज्या उंचीपासून लागू होतात, तिच्या ती खालीच आहे. तरीही नव्या फर्मने ती प्रमाणपत्रे मागितली. आमच्या सॉलिसिटरने कायद्यातली तरतूद लेखी दाखवली, आणि काही दिवसांनी दुसऱ्याच कोणाच्या सहीने तीच मागणी पुन्हा आली. ज्यांना पॅनेलमुळे बाजूला व्हावे लागले त्या एकट्या गृहस्थांनी हा प्रश्न विचारलाच नव्हता, कारण त्यांना उत्तर ठाऊक होते.

या गोंधळात ३१ मार्च २०२५ उलटून गेला. १ एप्रिलपासून पहिल्यांदा घर घेणाऱ्यांची स्टॅम्प ड्यूटीची करमुक्त मर्यादा ४,२५,००० पौंडांवरून ३,००,००० वर आली, आणि करार एक्स्चेंज झाला (म्हणजे दोन्ही बाजू कराराने बांधल्या गेल्या) की नाही याला महत्त्व नसून कम्प्लिशन (पैसे चुकते होऊन ताबा मिळणे) कधी झाले यावर हिशेब ठरतो. शून्य स्टॅम्प ड्यूटीच्या जागी खरेदीदारांना ४,००० पौंड पडणार होते, आणि त्यांनी तेवढी किंमत कमी करण्याची मागणी केली. आम्ही ज्या घरात जाणार होतो त्याच्यावरही, साधी करमुक्त मर्यादा २,५०,००० वरून १,२५,००० झाल्यामुळे, २,५०० पौंड जास्त बसले. एक्स्चेंज होईपर्यंत कोणीही कधीही माघार घेऊ शकतो हा इथला नियम असल्याने आमच्या पुढच्या घराचा मालक रोज धास्ती घालत होता. अखेर २,००० पौंडांवर तडजोड केली. म्हणजे आमचे ४,५०० गेले आणि त्यांचे २,०००.

मिल्टन कीन्सला राहणारे माझे साडू अजूनही म्हणतात की खरेदीदाराचा वकील कोण हे पाहणे विकणाऱ्याचे कामच नव्हे, आणि एवढीच काळजी होती तर एजंटच्या पॅनेलवरची फर्म घेण्याची अट घालायची होती. त्यांच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. एजंट ज्याला आपले पॅनेल म्हणतो ती पुष्कळदा काम मिळवून दिल्याबद्दल त्याला रेफरल फी देणाऱ्या फर्मची यादी असते. ती फी उघड करावी लागते, आणि त्याच फर्मकडे जाण्याची सक्ती एजंट करू शकत नाही. लेंडरचे पॅनेल ही निराळी यादी आहे, आणि एजंटच्या यादीतली फर्म लेंडरच्या यादीत असेलच असे नाही.

लेंडरची ही यादी ग्राहकाच्या सोयीसाठी नसून लेंडरच्या स्वतःच्या बचावासाठी असते. इथे साधारणपणे एकच सॉलिसिटर खरेदीदाराचे आणि लेंडरचे, दोघांचे काम पाहतो आणि लेंडरच्या वतीने यूके फायनान्स या लेंडरांच्या संघटनेच्या मॉर्गेज (गृहकर्ज) हँडबुकमधल्या सूचना पाळतो. २००८ च्या मंदीनंतर मॉर्गेजमधल्या फसवणुकी उजेडात आल्या आणि लेंडरांनी याद्या आखडल्या. लॉ सोसायटी या सॉलिसिटरांच्या संस्थेची कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीम (घरखरेदीचे काम करणाऱ्या फर्मसाठीची दर्जा योजना) २०११ च्या सुमारास आली आणि अनेक पॅनेलांची ती अट झाली. २०१२ च्या जानेवारीत एचएसबीसीने तर पॅनेल ४३ फर्मवर आणले होते. वकिलांच्या विरोधानंतर ते पुन्हा मोठे करावे लागले. अशा याद्यांमध्ये फर्मचा विमा, आकार, वर्षाला होणाऱ्या व्यवहारांची संख्या यांकडे पाहिले जाते. तुमचा फोन कोण उचलतो हे कोणी मोजत नाही. तेव्हा पॅनेलवर आहे म्हणजे काम चांगले, हा समज सोडून द्या.

पुण्या-नाशकाहून आलेल्या आपल्या लोकांचा आणखी एक समज असतो. तिकडे बँकेचा पॅनेलवरचा वकील सर्च रिपोर्ट देतो, फी आपण भरतो, पण तो वकील बँकेचाच असतो, आणि तरीही आपण बँकेने तपासले म्हणून निश्चिंत होतो. इथे तो तुमचाही वकील असतो, पण त्याच कारणाने तुमच्या वडिलांनी भारतातून पाठवलेली डिपॉझिटची भेट किंवा शेवटच्या क्षणी बदललेली किंमत त्याला लेंडरला सांगावीच लागते. तुम्ही परवानगी नाकारलीत तर तो लेंडरचे काम सोडतो, आणि मग तुमचेही अडते. भेटीची कागदपत्रे म्हणूनच आधी तयार ठेवा.

तुमच्या सॉलिसिटर बाई कितीही चांगल्या असल्या तरी पॅनेलवर नसताना या व्यवहारात त्यांना नेमू नका. पॅनेलसाठी त्या अर्ज करू शकतात, पण त्याला लागणारा वेळ तुमचा विक्रेता देईलच असे नाही. त्या ज्या लेंडरांच्या पॅनेलवर आहेत त्यांची नावे मागून घ्या, आणि व्याजदरात मोठा फरक नसेल तर ब्रोकरला त्यांतूनच निवडायला सांगा. ‘बहुतेक लेंडरांच्या पॅनेलवर आहोत’ या उत्तरावर न थांबता तुमच्या लेंडरचे नाव घालून लेखी होकार मागा. पॅनेलबद्दलचे हे सगळे इंग्लंड आणि वेल्सपुरते आहे, आणि तुम्ही कर्जाशिवाय घेणार असाल तर पॅनेलचा प्रश्नच येत नाही. रीमॉर्गेजमध्ये (असलेल्या घरावर नवे कर्ज घेऊन जुने फेडताना) लेंडर ‘मोफत’ वकील देतो तेव्हा तो बहुधा फक्त लेंडरसाठीच काम करत असतो, हेही ध्यानात ठेवा.

आणि ब्रोकरने मधेच लेंडर बदलायचा सल्ला दिला, तर होकार देण्याआधी नव्या पॅनेलची खात्री करा आणि त्याच दिवशी एजंटमार्फत विक्रेत्याला कळवा. विकणाऱ्यांनीही ऑफर स्वीकारताना लेंडरचे नाव आणि त्याच्या पॅनेलची खात्री मागावी, आणि लेंडर बदलला तर पुन्हा मागावी. एजंट कुरकुर करतील. माझे साडू याला नाक खुपसणे म्हणतात, पण ते आपले घर विकायला काढतील तेव्हा त्यांच्या एजंटला हा प्रश्न मीच विचारणार आहे.