पीएलएफएसमध्ये (केंद्र सरकारच्या रोजगार-बेरोजगारीच्या सर्व्हेत) पालघरचे कामगार म्हणजे पालघरमध्ये काम करणारे लोक का?

नाही, इथेच बरेच जण फसतात. पीएलएफएस हा घराघरात जाऊन होणारा सर्व्हे आहे, त्यामुळे माणूस मोजला जातो तो राहतो तिथे, कामाला जातो तिथे नाही. समजा विरारच्या एखाद्या चाळीत सर्व्हेवाला टॅब घेऊन आला, नवरा सकाळच्या लोकलने अंधेरीला गेलेला, वहिनी दारातच उभ्या राहून त्याच्या कामाची माहिती देतात, तर तो आकडा पालघर जिल्ह्यात जाणार, मुंबईत नाही. आणि तलासरीहून रोज वापीच्या कंपनीत जाणारा? काम गुजरातेत, मोजणी महाराष्ट्रात!

कामाची जागा विचारतात बरं का, पण ती कसली आहे एवढंच, म्हणजे घरीच, दुकानात, रस्त्यावर, बांधकामाच्या साइटवर, की ठरलेली जागाच नाही, आणि ती शहरी की ग्रामीण. कुठल्या जिल्ह्यात ते त्यातून कळत नाही. २०२५ पासून सॅम्पल जिल्हावार काढतात, चांगलंच झालं, पण तो जिल्हाही राहण्याचाच.

तुम्हाला नोकऱ्या कुठे आहेत ते हवं असेल तर आर्थिक गणना बघा, ती दुकानं-कारखाने जिथे आहेत तिथे मोजते, फक्त आकडे जाहीर झालेली शेवटची गणना, सहावी, २०१३-१४ ची आहे, म्हणजे जुनीच. जनगणना २०११ मध्ये कामाला किती किलोमीटर आणि कशाने जाता तेही विचारलं होतं, माझ्या मते रोजच्या ये-जा करणाऱ्यांसाठी हा प्रश्न प्रत्येक सर्व्हेत हवाच, नाहीतर बस-लोकलचं प्लॅनिंग करायचं कशावर?