जर-तरचे इंग्रजी: वाचकांच्या शंका

प्रश्न: मी कोकणातील एका मराठी शाळेत नववीला इंग्रजी शिकवते. ‘पाऊस पडला तर’ याचे इंग्रजी मुले ‘इफ इट रेन्ड’ किंवा ‘इफ इट विल रेन’ असे करतात आणि ‘धरण फुटले नसते तर’ यासाठी ‘इफ द डॅम वुड नॉट हॅव बर्स्ट’ असे लिहितात. तक्ते पाठ करूनही या चुका जात नाहीत. पूर, दरडी यांसारखे विषय आणि आपल्याकडच्या रूढी घेऊन हा भाग शिकवता येईल का?

उत्तर: अवश्य येईल. मात्र त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती म्हणजे आपली मुले नियम विसरतात म्हणून चुकत नाहीत, तर मराठीचा नियम ती इमानेइतबारे इंग्रजीत पाळतात. ‘पाऊस पडला तर मी येणार नाही’ या वाक्यातील ‘पडला’ हे रूप भूतकाळाचे आहे, पण बोलणे उद्याचे आहे; म्हणून मुले ‘रेन्ड’ लिहितात. दुसरीकडे ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती’ ही म्हण पाहा. तिच्या दोन्ही अंगांना भविष्यकाळ आहे आणि ‘इफ इट विल रेन’ची वाट तिथूनच निघते. इंग्रजीत ‘इफ’च्या अंगाला साधा वर्तमानकाळ येतो आणि ‘विल’ केवळ परिणामाकडे राहते: ‘इफ इट रेन्स इन स्वाती, द क्रॉप विल बी गुड’. नक्षत्रांच्या अशा म्हणी मुलांनी घरातल्या आजी-आजोबांकडून गोळा करून आणाव्यात आणि मराठी वाक्य फळ्यावर तसेच ठेवून त्याखाली इंग्रजी वाक्य लिहावे. दोन भाषांतील फरक डोळ्यांसमोर आला की तक्त्याची गरज बरीच कमी होते.

रूढी आणि आपत्ती यांचा सर्वांत बोलका मेळ मला इंडोनेशियातील सिमेउलुए बेटावर दिसतो. तेथे 1907 साली त्सुनामी आली होती. जमीन जोरात हादरली आणि त्यानंतर समुद्र मागे हटला, तर सर्व काही टाकून डोंगराकडे पळावे, ही शिकवण त्सुनामीसाठीच्या ‘स्मोंग’ या एका स्थानिक शब्दाभोवती गुंफलेल्या कथा-गीतांतून त्या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. 26 डिसेंबर 2004 रोजी पुन्हा भूकंप होऊन त्सुनामी आली, तेव्हा भूकंपाच्या केंद्राजवळ असूनही सुमारे 78,000 वस्तीच्या त्या बेटावर सात माणसे दगावली, तर शेजारी आचे प्रांताच्या मुख्य भूमीवर मृतांची संख्या लाखाच्या वर गेली. ती संपूर्ण परंपरा एका अटीच्या वाक्यात मावते: ‘इफ द ग्राउंड शेक्स हार्ड अँड द सी गोज आऊट, रन टू द हिल्स’. येथे परिणामाच्या जागी थेट आज्ञा आली आहे. पूर, वीज आणि दरड यांविषयीच्या सूचना मुलांकडून याच साच्यात लिहून घ्याव्यात.

आता ‘असते’चा गुंता. ‘धरण फुटले नसते तर वाडे वाचले असते’ या वाक्यात मराठीने दोन्ही अंगांना ‘असते’ दिले आहे, म्हणून मुले दोन्हीकडे ‘वुड हॅव’ घालतात. इंग्रजीत अटीकडे ‘हॅड’ आणि परिणामाकडे ‘वुड हॅव’ अशी वाटणी आहे. पुण्याचे पानशेत धरण 12 जुलै 1961 रोजी सकाळी फुटले. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते तग धरेल अशी शर्थ केली होती. त्यावरून ‘इफ द सोल्जर्स हॅड नॉट पाइल्ड सँडबॅग्ज ऑल नाइट, द डॅम माइट हॅव बर्स्ट इन द डार्क’ असे वाक्य होते. येथे ‘वुड’ऐवजी ‘माइट’ मुद्दाम घेतले आहे. न घडलेल्या गोष्टीबद्दल आपण खात्री देत आहोत की शक्यता सांगत आहोत, हे या एका शब्दावर ठरते आणि आपत्तीविषयी लिहिताना मुलांनी हा फरक काटेकोरपणे पाळावा, असा माझा आग्रह राहील. एक विनंतीही आहे: ज्या मुलांच्या घरात पुराने किंवा दरडीने माणूस गेले आहे, त्यांना स्वतःच्या घराबद्दल ‘असते तर’ची वाक्ये करायला सांगू नये.

प्रश्न: आमच्या गावच्या देवराईवर निबंध लिहीत आहे. ‘देवराई नसती तर झरा आटला असता’ याचे इंग्रजी कसे करावे? ‘वॉज’ की ‘वेअर’?

उत्तर: या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात, त्यांतला तुम्हांला कोणता हवा आहे ते आधी ठरवावे. झरा पूर्वीच आटून गेला असता असे म्हणायचे असेल, तर ‘इफ देअर हॅड बीन नो ग्रोव्ह, द स्प्रिंग वुड हॅव ड्राइड अप’. देवराई आज आहे आणि ती नसल्याची केवळ कल्पना करायची असेल, तर ‘इफ देअर वेअर नो ग्रोव्ह, द स्प्रिंग वुड ड्राय अप’. बोलण्यात ‘वॉज’ सर्रास चालते. निबंधात मात्र ‘वेअर’ लिहावे. ‘राईतले लाकूड नेले तर देव कोपतो’ ही श्रद्धा गावकऱ्यांच्या तोंडी जशी आहे तशी लिहिताना दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ ठेवावा: ‘इफ यू टेक वुड फ्रॉम द ग्रोव्ह, द गॉड गेट्स अँग्री’. सांगणाऱ्याच्या दृष्टीने तो नेहमीचा नियम आहे, म्हणून तेथे ‘वुड गेट’ केल्यास त्याच्या बोलण्यातला विश्वासच निघून जातो.