अरिष्टाची बाटली खोलीत ठेवावी का?

प्रश्न : सर, सून बाळंत होऊन घरी आली. वैद्यांनी तिला दशमूलारिष्ट लिहून दिलंय. माझ्या सासूबाई म्हणतात, तान्ह्या बाळाच्या खोलीत 'अरिष्ट' लिहिलेली बाटली नको. त्यांना काय सांगू? आणि औषधाला असलं नाव ठेवलं तरी कुणी?
– एक वाचिका, माशेल

उत्तर : ताई, सासूबाईंना आधी हे सांगा की संस्कृतात बाळंतिणीच्या खोलीलाच अरिष्ट म्हणतात. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात सरळ 'अरिष्टं सूतिकागृहम्' असं दिलंय. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात रघू जन्मतो, तेव्हा त्याचं तेज 'अरिष्टशय्ये'भोवती असं पसरतं की मध्यरात्रीचे दिवे फिके पडून चित्रातल्यासारखे दिसू लागतात. म्हणजे बाटली खोलीबाहेर काढली तरी खोली अरिष्टच राहणार!

'रिष्' म्हणजे इजा होणं. रिष्ट म्हणजे इजा झालेलं आणि अरिष्ट म्हणजे ज्याला धक्काही लागला नाही असं, सुखरूप. हा अर्थ तुमच्या घरातही दर चवथीला म्हटला जातो, फक्त कुणाचं लक्ष जात नाही. गणपतीवर टांगलेल्या फळा-भाज्यांच्या माटोळीखाली बसून अथर्वशीर्षाआधी जो शांतिमंत्र म्हणतात, त्यात 'स्वस्ति नस्तार्क्ष्यो अरिष्टनेमिः' असं येतं. नेमी म्हणजे चाकाची कड. ज्याच्या रथाच्या चाकाची कड कधी मोडत नाही, तो तार्क्ष्य देव आमचं भलं करो, एवढंच मागणं. हा मंत्र ऋग्वेदातला आहे, म्हणजे शब्दाचा चांगला अर्थ जुना. जैनांचे बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ, त्यांचंही एक नाव अरिष्टनेमी. संकटाचं नाव तीर्थंकरांना कोण देईल?

मग वाईट अर्थ आला कुठून? चरकसंहितेत इंद्रियस्थान नावाचा बारा अध्यायांचा भाग आहे. रोगी आता वाचत नाही हे ज्या खुणांवरून ओळखायचं, त्या खुणा म्हणजे अरिष्ट. फळाआधी फूल दिसतं तसं मरणाआधी अरिष्ट दिसतं, असं तिथे म्हटलंय. ज्योतिषांनी तोच शब्द उचलला आणि तान्ह्या मुलाच्या पत्रिकेतल्या धोक्याला 'बालारिष्ट' म्हटलं. माझा अंदाज, सासूबाईंच्या मनात हेच बालारिष्ट आहे. त्यांच्या पिढीतल्या बायकांनी बारशाच्या आधीच हा शब्द भटजींच्या तोंडून ऐकलेला असतो, त्यामुळे त्यांना हसू नका.

सुखरूप या अर्थाचा शब्द मरणाच्या खुणेला का लावला? मला पटणारं कारण साधं आहे. वाईटाचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. आपण दिवा विझवत नाही, शांत करतो. बांगडी फुटली तरी 'वाढली' म्हणतो. अंगावर फोड उठवून माणसं नेणारा रोग 'देवी' होता. आमच्या घरी तिन्हीसांजेनंतर सापाला 'लांबडं' म्हणायचे. पुढे गोड नावालाच भीती चिकटते आणि मूळ अर्थ पुसला जातो. कोशकारांना हा घोळ ठाऊक होता. अमरकोशात 'अरिष्टे तु शुभाशुभे' म्हणून दोन्ही अर्थ शेजारी बसवलेत. तिथे कडुनिंब अरिष्ट, लसूण अरिष्ट, ताक अरिष्ट आणि कावळासुद्धा अरिष्ट! कावळ्याचं मी समजू शकतो. ताकाने कुणाचं काय बिघडवलं होतं, ते कोशकर्त्या अमरसिंहालाच ठाऊक. केस धुवायला म्हापशाच्या बाजारातून आणता तो रिठाही मुळात अरिष्टच. पहिला अ तेवढा वाटेत गळाला.

आता बाटलीचं. औषधं उकळून काढा करायचा, त्यात गूळ किंवा साखर आणि धायटीची फुलं घालून तोंड बंद करून मुरवायचं, ते अरिष्ट. न उकळता केलं तर आसव. मुरताना त्यात आपोआप थोडं मद्य तयार होतं आणि त्यामुळे ते पुष्कळ दिवस टिकतं, खराब होत नाही. न बिघडणारं ते अरिष्ट, म्हणजे नाव जुन्या अर्थालाच धरून आहे. हुर्राक-फेणीसारखं ते भट्टीवर चढवून गाळत नाहीत, तेव्हा घरातल्या पुरुषमंडळींनी आशेने बाटलीकडे पाहू नये. मात्र मद्याचा अंश असतोच, म्हणून अंगावर पाजणाऱ्या सुनेला किती द्यायचं ते वैद्यांनाच विचारा.

प्रश्न : आफत हा आपत्तीचाच अपभ्रंश ना?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही. आफत अरबी, फारसीतून मराठीत आली. आपत्ती संस्कृत, 'पद्' धातूची. गंमत म्हणजे विपत्ती आणि संपत्तीही त्याच धातूच्या. दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणून सोयरीक जुळवू नये.

प्रश्न : आमचे आजोबा गाडीच्या अपघाताला 'देझास्त्र' म्हणायचे. इंग्रजी डिझास्टर तोच का? त्यात तारा आहे असं ऐकलं.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : तोच. आजोबांचा शब्द पोर्तुगीज. त्या भाषेत रस्त्यावरच्या अपघातालाही तो चालतो. मूळ इटालियन 'दिझास्त्रो'. 'दिस्' म्हणजे वाईट, 'आस्त्रो' म्हणजे तारा. 'ग्रह फिरले' असं आपण म्हणतो, तीच समजूत. हा 'आस्त्रो' आणि आपली तारा लांबचे नातेवाईक आहेत, फारसी सितारासुद्धा. आफत-आपत्तीची सोयरीक मोडली, पण ही खरी आहे.