कुवारबावला नव्याने राहायला आलोय. आजूबाजूच्या बातम्या आम्हालाच सगळ्यात शेवटी का कळतात?

तुमची तक्रार थोडक्यात अशी: मुंबईहून रत्नागिरीत येऊन कुवारबावला फ्लॅट घेतलात, दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर आहात, तरी कुणाकडे बारसं झालं, कोण गेलं, उद्या पाणी येणार की नाही, हे सगळं तुमच्यापर्यंत शिळं होऊन पोचतं. शिवाय लोक चौकश्या फार करतात. मी शेजारच्या नाचणे गावात लहानाची मोठी झाले आणि लग्न होऊन तुमच्याच बाजूला आले, म्हणून लिहिते.

आधी ग्रुपवर विसंबणं सोडा. तिथे सकाळी गुलाबाची फुलं येतात आणि संध्याकाळी बिबट्या. बिबट्या आपल्याकडे येत नाही असं नाही, पण व्हिडिओतला बहुतेक वेळा भलत्याच गावचा असतो. "कोणी पाहिला?" असं विचारायचं. नावागावासकट उत्तर आलं तर दारं लावून घ्या, नाहीतर भाजी फोडणीला टाका.

इथली बातमी तोंडी फिरते आणि देवाणघेवाणीवर फिरते. तुम्ही नुसतं ऐकायला उभे राहणार, स्वतःचं काही सांगणार नाही, तर तुम्हाला कोण कशाला सांगेल? "मूळ गाव कुठलं तुमचं?", "घरात कोण कोण असतं?", "मुलगा काय करतो?" हे तुम्हाला खटकलं. अहो, समोरचा तुम्हाला कुठे जोडायचं ते शोधत असतो. "आजोळ लांज्याचं" एवढं जरी म्हणालात, तरी तो लांज्यातलं एखादं नातं उकरून काढणार, मावशीच्या नणंदेचं का असेना, आणि तिथून तुमच्याशी बोलणं सुरू. "आम्ही मुंबईचे" म्हणालात की त्याला पुढे विचारायला काही उरत नाही.

मासे खात असाल तर निम्मं काम झालंच म्हणा. दारावर येणारी मासेवाली दहा घरांच्या पायऱ्या चढून आलेली असते. पाटीवरचं ओलं फडकं बाजूला सारता सारता ती भाव आणि खबर एका दमात सांगते: "बांगडा बघा वैनी, कालचा नाय. शंभरला पाच. मागच्या बंगल्यातल्या काकी न्हाणीत पडल्या, सिव्हिलला नेलंय त्यांना. सहा घ्या, पण सुट्टे द्या." घासाघीस करा, तिलाही ती हवी असते, पण पैसे देऊन लगेच दार लावून घेऊ नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. तेव्हा ती सुकं किंवा खाडीचं काहीतरी घेऊन येते. पाटी हलकी असते, घाई कमी असते आणि गप्पा लांबतात. शाकाहारी असाल तर नारळ काढायला येणाऱ्याला चहा विचारा. सगळ्यांची परसदारं वरून बघितलेला माणूस तो.

मयताचं मात्र वेगळं आहे. नाक्यावरच्या दुकानाचं शटर दिवसाढवळ्या अर्धं खाली दिसलं, तर "कोणाचं?" आणि "कधी काढणार?" एवढंच विचारायचं आणि जायचं. ओळख नव्हती म्हणून गेलो नाही, हे इथे कारण धरत नाहीत. दारातल्या चपलांच्या गर्दीत दहा मिनिटं गप्प उभे राहून आलात तरी त्या घराला तुम्ही वर्षानुवर्षं लक्षात राहता.

आणि शिमगा! शहरात ग्रामदैवत भैरीची पालखी झाडगावच्या सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या जागेवर, बसते ती बघायला तुम्ही जालच, पण तुमच्या भागातल्या ग्रामदेवतेची पालखी घरोघर कधी येणार ते आधीपासून विचारून ठेवा. नारळ आणि ओटीचं सामान तयार असू द्या. पालखी दारात आली की मानकरी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घालतो. "बा देवा म्हाराजा, ह्या घरच्या लेकराला नोकरी नाय, ती लागू दे रे म्हाराजा!" आणि मागून सगळे एका सुरात, "होय म्हाराजा!" म्हणजे तुमच्या घरची अडचण देवाबरोबर अख्ख्या वाडीला कळली. शहरातून आलेल्यांना ह्याची लाज वाटते. वाटू देऊ नका. माझ्या सासूबाईंचा गुडघा असाच जाहीर झाला आणि दुसऱ्या दिवसापासून घरात तेलांच्या बाटल्या यायला लागल्या. एकाही तेलाचा उपयोग झाला नाही, ते सोडा, पण बाटली देणारी प्रत्येक जण तास-तास बसून गेली. फक्त मानपानाच्या भानगडीत पडू नका. पालखीला पहिला खांदा कोणाचा ह्यावरून कोकणात कोर्टकचेऱ्या झाल्यात, तिथे नवख्याने तोंड उघडायचं नाही.

गणपतीत तुमच्याकडे मूर्ती नसली तरी शेजाऱ्यांकडे आरतीला जा. 'घालीन लोटांगण' होईपर्यंत थांबा, प्रसाद खा. ह्याहून जास्त काही लागत नाही.

राहता राहिलं पाणी, रस्ता, दिवाबत्ती. मिऱ्या–नागपूर महामार्गाला लागून आहोत, स्टेशन जवळ आहे, म्हणून नवे लोक स्वतःला रत्नागिरी शहरातलेच समजतात. पण कुवारबावची ग्रामपंचायत वेगळी आहे आणि तिच्या बातम्या ग्रामसभेत मिळतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ग्रामसभेचे ठरलेले दिवस, क्वचित तारीख पुढेमागे होते. गणपूर्तीला, म्हणजे सभा चालवायला, मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल तेवढे लागतात. तेवढेही जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग पाच-पंचवीस जण बसून ठराव करतात आणि बाकीचे ग्रुपवर "हे कधी ठरलं?" विचारत बसतात. तुमचं मत अजून मुंबईत असेल तर मतदार नोंदणीचा नमुना ८ भरून ते इकडे आणा, कारण इथल्या मतदार यादीत नाव असेल तोच ग्रामसभेचा सदस्य. आणि १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर जिलेबी घेऊन घरी पळू नका, सभा आहे का ते विचारून तिथेच थांबा.