किडनीच्या शेवटच्या टप्प्यातलं मांजर आणि रोजची ड्रिप

तुमचा बोका सोळा वर्षांचा, क्रिएटिनिन (किडनी किती बिघडली ते दाखवणारा रक्तातला आकडा) सातच्या वर, आणि दवाखाना म्हणतोय 'अजून पाच दिवस ड्रिप लावून बघू'. हे वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या मांजरीचं, ठमीचं, अगदी हेच झालं होतं. (मी डॉक्टर नाही. डोस मला विचारू नका.)

क्रिएटिनिन ५ च्या वर म्हणजे चौथा, शेवटचा टप्पा. किडनी अचानक बिघडली असेल तर दवाखान्यातल्या ड्रिपने खरंच सावरू शकते. जुन्या आजारात मात्र गेलेली किडनी परत येत नाही; ड्रिपने आकडा उतरतो, थांबवली की पुन्हा चढतो. आमच्या दवाखान्याने हे एकदाही तोंडाने सांगितलं नाही. रोज रिक्षा, बास्केटमधला तिचा आरडाओरडा, शेजारच्या पिंजऱ्यात भुंकणारा लॅब्रॅडॉर, संध्याकाळी बिल. 'किती दिवस आहेत?' विचारलं की 'पॉझिटिव्ह राहा'. घरी सलाइन द्यायला शिकवा म्हटलं तर 'ते तुम्हाला जमणार नाही'. अहो, आईला रोज इन्सुलिन मीच टोचते! पैशांचं सोडा, पण तिचे उरलेले बरे दिवस त्या पिंजऱ्यात गेले, तो राग अजून जात नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी एका भेटीत शिकवलं. रिंगर लॅक्टेटची (सलाइनसारख्याच द्रावणाची) बाटली गरम पाण्यात ठेवून अंगाइतपत कोमट करायची, पडद्याच्या दांडीला टांगायची, खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत धरून सुई कातडीखाली घालायची. पाठीवर उंटासारखा फुगवटा येतो, कधी एका पायाकडे उतरतो, काही तासांत जिरतो. हृदयाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, छातीत पाणी होऊ शकतं.

खाण्याबद्दलचं माझं मत अनेकांना पटणार नाही. किडनीचं खास फूड तोंडात घेत नसेल तर खाईल ते द्या. ठमी शेवटी फक्त धुतलेली सुकट खायची, तीही चार दाणे. उपाशी मांजराचं लिव्हर काही दिवसांतच बिघडतं. पण सिरिंजने कोंबण्याआधी मळमळीचं औषध मागून घ्या. बऱ्याचदा ढवळत असतं म्हणूनच खात नाहीत. आणि दुखतंय म्हणून घरातलं पॅरासिटामॉल कधीही नाही, एक गोळीसुद्धा जीव घेते.

'इंजेक्शन देऊन निरोप कधी द्यायचा?' यासाठी अमेरिकेतल्या प्राण्यांच्या डॉक्टर ॲलिस व्हिलालोबोस यांची, जगणं कितपत सुसह्य आहे ते मोजणारी सात मुद्द्यांची पट्टी आहे. प्रत्येक मुद्द्याला १० पैकी गुण द्यायचे, बेरीज ३५ च्या वर असेल तर अजून चालवता येतं. घरातल्या दोघांनी वेगवेगळी भरा, कारण ज्याचा जीव जास्त अडकलेला तो गुण वाढवतो.

आधी गुंगीचं इंजेक्शन आणि मगच शेवटचं, असंच करणार ना, हे डॉक्टरांना आधी विचारा. घरी येतात का, तेही. डोळे उघडेच राहतात, गेल्यावरही एखादा श्वास घेतल्यासारखं होतं. माहीत नसेल तर हादरायला होतं.

मुंबईत असाल तर मालाडला पालिकेची प्राण्यांसाठीची दहनभट्टी २०२३ पासून आहे. फोन करूनच जा. दवाखाना 'आम्ही बघतो' म्हणाला तर नक्की कुठे नेणार, हे विचारल्याशिवाय सोडू नका.